शुक्रवारचं गाणं

"माग बंद असताना मला गायला येत न्हाई," दस्तगीर म्हणाला आणि कानांवरचा हेडफोन काढून त्यानं मांडीवर ठेवला. "ताल कुठं धरायचा?"

"ताल लावलाय की मी. ऐकू येत नाही का?"

"येतोय. पर त्यो चालत न्हाई, नुस्ता वाजतोय."

मला राग आला. तो ताल मी दोन दिवस खपून बसवला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर तोंड उघडणारा हा गडी त्याला नावं ठेवत होता. राग गिळून मी म्हणालो, "मग काय करू? तुझ्यासाठी गावातले माग चालू करू?"

"व्हय," तो म्हणाला. चेष्टेनं नाही, अगदी सरळ.

याला आता सात वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. इचलकरंजीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुताचं दुकान होतं. त्या दुकानावरच्या खोलीत मी एक स्टुडिओ थाटला होता. थाटला म्हणजे एक माईक, एक लॅपटॉप, एक गिटार आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना रचलेल्या सुताच्या गोण्या. गोण्या अण्णांच्या होत्या, त्यामुळे मोठी ऑर्डर आली की माझी एक भिंत गायब व्हायची.

आमच्या गावात ज्याला गाणं रेकॉर्ड करायचंय त्याला शुक्रवारची वाट बघावी लागे. बाकीचे सहा दिवस यंत्रमागांचा खडखडाट. शुक्रवारी आमच्या भागातली वीज बंद ठेवत, माग थांबत आणि गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटे. त्या शांततेत, बॅटरीवर, मी माझी दहा गाणी केली होती. सगळी हळुवार. पायवाट, धुकं, तिचं मागं वळून बघणं वगैरे. गीत मी, संगीत मी, गायक मी. आणि ऐकणाराही बहुतेक मीच.

कारण गाणी ऐकायच्या ॲपवर गाणं टाकणं सोपं असतं, ते कुणाच्या कानापर्यंत जाणं अवघड. त्या ॲपवाल्यांची स्वतःची माणसं गाण्यांच्या याद्या बनवतात: प्रवासाची गाणी, पावसाळी संध्याकाळची गाणी, असं काहीबाही. अशा एका यादीत गाणं लागलं की लाखो लोकांच्या कानात शिरतं. नाही लागलं तर तुमची आत्या, मावशी आणि तुम्ही. यादीसाठी गाणं सुचवायचा एक फॉर्म असतो. गाणं बाहेर पडायच्या किमान सात दिवस आधी तो भरायचा. मी दहा वेळा भरला होता. दहाही वेळा पलीकडून हूं की चूं नाही.

दस्तगीर मुजावर माझा शाळेतला दोस्त. आठवीपर्यंत आम्ही एका बाकावर. मग त्याचे वडील गेले आणि तो कारखान्यात लागला. आता तो जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. हातांच्या रेषांत कायम काळं तेल. गळा त्याचा शाळेपासून चांगला, पण तो कधी कुणासमोर गायला नाही. मीच त्याला म्हणालो होतो, "ये एखाद्या शुक्रवारी, तुझं एक गाणं करून टाकू." खरं सांगायचं तर उपकार करायची हौस. माझ्या खोलीत बसून कुणीतरी माझ्याकडे कौतुकानं बघावं, एवढाच हिशेब.

आता हा उपकार गळ्यात आला होता. पुढच्या गुरुवारी मी माईक घेऊन त्याच्या कारखान्यात गेलो. चोवीस मागांच्या मधून दस्तगीर एकेका मागाच्या लाकडावर तळहात ठेवत, मान वाकडी करून ऐकत फिरत होता. एका मागापाशी थांबला आणि माझ्या कानात ओरडला, "ह्यो घे! ह्यो नीट बोलतोय!"

मला सगळे सारखेच वाटले. घेतला.

दुसऱ्या दिवशी गाव शांत असताना दस्तगीरच्या कानात मी तो माग सोडला. त्यानं डोळे मिटले, थोडं थांबला आणि गायला लागला.

गेला गं गेला, आला गं आला,
धोटा माझा परत आला,
हिकडं न्हाई, तिकडं न्हाई,
मधल्या मधी जीव ऱ्हायला.

धोटा म्हणजे मागात सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. बस, एवढंच गाणं. धोटा जातो, धोटा येतो. शब्दांत काही राम नाही असं मी कागदावर वाचून ठरवलं होतं. त्यातली 'गं' म्हणजे बायको असणार असंही ठरवून टाकलं होतं. पण त्याचा आवाज त्या खडखडाटावर असा काही बसला की माझे हात लॅपटॉपवरच राहिले. एकदाच गायला. दुसऱ्यांदा गायची गरज नव्हती.

गाणं संपलं तेव्हा जिन्यात अण्णा उभे होते. गुडघेदुखीमुळे ते वर कधी येत नसत. माझ्या दहा गाण्यांपैकी एकासाठीही ते तो जिना चढले नव्हते. उलट खालून ओरडायचे, "शीतल, दार लावून घे!"

"कोण म्हणत होतं?" अण्णांनी विचारलं.

"मी, मालक," दस्तगीर उठून उभा राहिला.

"मुजावराचा ना तू? परत लाव बघू रे शीतल. आवाज वाढव. खाली गिऱ्हाईक थांबलंय ऐकत."

मी लावलं. अण्णा कठड्याला टेकून शेवटपर्यंत उभे राहिले. मग "झकास," एवढंच म्हणून एकेक पायरी उतरत गेले.

आमच्या जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं. लहानपणी त्यावरून पोरं चिडवायची आणि दस्तगीर माझ्या बाजूनं त्यांच्याशी मारामारी करायचा. अशा माणसाचं कौतुक माझ्या बापानं केलं तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते रात्री जेवताना दुखत होतं, सकाळी उठलो तेव्हाही दुखत होतं. दहा वर्षं मी गिटार शिकलो. तीन वर्षं त्या खोलीत घाम गाळला. आणि हा तेलकट हातांचा माणूस येतो, डोळे मिटतो, एकदाच गातो आणि माझ्या दहाही गाण्यांच्या पुढे निघून जातो. कुणी सांगायची गरज नव्हती. कान मलाही होते.

माझं अकरावं गाणं तयार होतं. 'निळं धुकं.' ते मी महिनाअखेरच्या शुक्रवारी बाहेर काढणार होतो. नवी गाणी शुक्रवारीच काढायची जगभर पद्धत आहे. मी दस्तगीरला म्हणालो, "तुझं आपण पुढच्या महिन्यात टाकू."

"का रं? एकदमच टाकू की. जोडीनं."

"दोन्ही एकाच दिवशी कशाला?"

"तेवढीच मला सोबत," तो म्हणाला. "एकट्याचं गाणं जगात जाणार म्हंजे भ्याच वाटतंय."

बरं म्हणालो. पण डोक्यात तेव्हाच चक्र सुरू झालं. इचलकरंजीसारख्या गावातून, एकाच शुक्रवारी, एकाच खात्यावरून गेलेली दोन्ही गाणी ते लोक यादीत घेतील, हे शक्य नव्हतं. घेतलंच तर एक घेतील. आणि दोन्ही ऐकल्यावर कुठलं घेतील, हे मला अण्णांनी जिन्यात उभं राहून सांगितलं होतं.

फॉर्म भरायला दस्तगीर स्वतः येऊन बसला. त्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू मी त्याला कुठल्या कचेरीत घेऊन जाणार होतो. येताना भडंगाची पुडी घेऊन आला. फॉर्म सगळा इंग्रजीत. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि पडद्याकडे बघत राहिला.

आधी माझ्या गाण्याचा भरला. गाण्याबद्दल लिहायला पाचशे अक्षरांची जागा असते. त्यातला मजकूर मी अकरा वेळा खोडून पुन्हा लिहिलेला होता. तो चिकटवला. मग त्याचा फॉर्म उघडला. नाव, भाषा, गायक.

"आता काय विचारतंय?"

"गाण्याचा मूड."

"म्हंजे?"

"म्हणजे गाणं कशासाठी आहे. नाचायला, गाडी चालवताना, व्यायाम करताना…"

"आणि काय काय हाय?"

"बरंच आहे," मी म्हणालो.

यादी मोठी होती. त्यात 'लोकसंगीत' होतं, 'काम करताना' होतं, 'जोशपूर्ण' होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं या तिन्हींवर खुणा केल्या असत्या. मीही केल्या. आणि मग त्या यादीच्या तळाशी मला एक शब्द दिसला. झोप.

मी वरच्या तिन्ही खुणा काढल्या आणि 'झोप'वर खूण केली.

किती सोपं होतं! मागाचा खडखडाट असलेलं गाणं झोपेच्या यादीसाठी गेलं की तिकडचा माणूस दहा सेकंदं ऐकेल, कपाळाला हात लावेल आणि पुढचं उघडेल. एवढ्यावरच थांबलो असतो तरी काम झालं असतं. पण मत्सराला एवढ्यानं समाधान वाटत नाही, त्याला वर थोडी मजाही हवी असते. पाचशे अक्षरांच्या त्या जागेत मी इंग्रजीत एकच ओळ लिहिली: 'हे गाणं लावलं की बाळं झोपतात.' लिहिताना मला हसू आवरत नव्हतं.

"हसालाईस का?"

"काही नाही. चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल."

दस्तगीरनं भडंगाची पुडी बाजूला ठेवली, हात शर्टाला पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "शीतल, गाणं कशाबद्दल हाय ते मी सांगू का? तेबी लिव. त्याचं काय झालं, आमच्या घरामागं—"

"नको," मी म्हणालो. "जागा संपली."

"संपली?"

"मोजून अक्षरं असतात."

"बरं," तो म्हणाला. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग हसला. "तू लिवलंस म्हंजे नीटच असणार." मी बटण दाबलं आणि आम्ही दोघांनी मिळून भडंग संपवलं.

शुक्रवार उजाडला. दोन्ही गाणी बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत माझं त्रेसष्ट वेळा वाजलं होतं, त्यातलं वीसेक वेळा मीच वाजवलं होतं. दस्तगीरचं नऊ वेळा. मी बटाटेवडा आणून खाल्ला. शनिवारी माझं एकाहत्तर, त्याचं चौदा. कुठल्याच यादीत दोघंही नव्हतो, पण त्याचं मला दुःख झालं नाही. माझं पोट दुखायचं थांबलं होतं.

सोमवारी सकाळी दात घासता घासता मी फोन उघडला. दस्तगीरच्या गाण्यासमोर अकरा हजार चारशे असा आकडा होता. मला वाटलं ॲप बिघडलंय. बंद करून पुन्हा उघडलं. अकरा हजार नऊशे.

शोधलं तर ते एका यादीत लागलं होतं. नाव गाढ झोपेचं. धबधब्याचा आवाज, पंख्याचा आवाज, पियानो, आया गातात तशी कुठकुठल्या देशांतली गाणी. आणि त्या सगळ्यांत आमच्या गावचा माग, खडखड करत. दुपारपर्यंत वीस हजार. बुधवारी एक लाखाच्या वर. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणतात ते मी त्या आठवड्यात शब्दशः अनुभवलं. बादलीत पाय बुडवून बसायचं, एवढंच काय ते बाकी होतं.

'निळं धुकं' चौऱ्याऐंशीवर अडकलं होतं.

अण्णांच्या कानावर कुठून गेलं कोण जाणे. जेवताना म्हणाले, "मुजावराचं गाणं लई लोकांनी ऐकलं म्हणे. तूच पाठवलंस ना ते? हे बरं केलंस." मग वाटीतली आमटी संपवून पुढे म्हणाले, "दुसऱ्याची पारख असणं हेही मोठंच असतं."

गुरुवारी मी ठरवलं. खातं माझ्या नावाचं होतं. गाणं चुकीच्या मूडखाली नोंदलं गेलंय, ते उतरवून टाका, अशी विनंती मी फोनवर टाईप केली. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं बाकी ठेवलं. का, तर एकट्यानं करायला धीर होईना. दस्तगीरच्या तोंडून 'हो' वदवून घ्यावं, म्हणजे माझ्या माथी काही यायला नको. त्याला सांगायचं, अरे घोटाळा झालाय, तुझं गाणं भलत्याच यादीत गेलंय, लोक हसतायत तुला, आपण ते काढू आणि नीट पुन्हा टाकू. पुन्हा टाकलेल्या गाण्याला यादीवाले हिंग लावून विचारत नाहीत, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. माग बंद होते. दस्तगीरचं घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत. मी त्या गावात जन्मलो, पण आमचं घर पुढच्या बाजूला, बंगल्यांच्या ओळीत. त्या चाळीत मी शुक्रवारी कधी गेलोच नव्हतो. शुक्रवार माझ्या स्टुडिओचा.

बोळात शिरलो आणि थांबलो. लहान मुलं रडत होती. एक नव्हे, चार-पाच घरांतून. एक बाई दारात उभी राहून खांद्यावरच्या पोराला थोपटत येरझाऱ्या घालत होती. पोरगं काही गप्प बसत नव्हतं.

"काय झालं? आजारी आहेत का सगळी?" मी विचारलं.

"आजारी कशानं? शुक्रवार न्हाई का," ती म्हणाली, जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. "माग थांबलं की ही उठत्यात. दिवसभर आता डोळ्याला डोळा न्हाई."

मी पुढे गेलो. दस्तगीरच्या घरातून मात्र मागाचा आवाज येत होता. क्षणभर मला वाटलं, वीज आली. मग त्या आवाजावर त्याचा गळा ऐकू आला. गेला गं गेला, आला गं आला.

दारातून आत पाहिलं. जमिनीवर गोधडीवर चार लहान मुलं ओळीनं झोपली होती. त्यांच्या उशाशी स्टीलच्या पातेल्यात दस्तगीरचा फोन ठेवला होता, आवाज मोठा यावा म्हणून. भिंतीकडेला शेजारच्या दोन बायका बसून शेंगा निवडत होत्या. दस्तगीर मांडी घालून एका मुलीच्या पायावर हात ठेवून बसला होता. ही त्याची जोया, तेव्हा सव्वा वर्षाची.

मला बघून तो उठला आणि तोंडावर बोट ठेवून मला मिठी मारली. तेलाचा वास. "आलास व्हय," तो कुजबुजला. "मीच येणार हुतो. पर आज शुक्रवार, ह्यास्नी सोडून कसा येऊ?"

त्याची बायको बिल्कीस पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती बारावी शिकलेली. "शीतलभाऊ, मी ह्यांना वाचून दाखवलं," ती हळू आवाजात म्हणाली. "यादीचं नाव झोपेचं हाय. मी म्हटलं, शीतलभाऊंना तुम्ही सांगितलं हुतं का? तर म्हणाले, न्हाई, सांगायच्या आधीच त्यांनी लिवलं."

मी पाणी प्यायलो.

"मला त्या दिवशी नवलच वाटलं," दस्तगीर म्हणाला. "ही इथंच जन्मली, ह्या भिंतीला. मागाच्या आवाजात झोपायची. शुक्रवार आला की आकांत. मी भिंतीवर हातानं ठोकत बसायचो आन् म्हणायचो, गेला गं गेला, आला गं आला. असं करत ते गाणं झालं. माग त्यात पायजेच हुता. नुस्त्या माझ्या गाण्यानं ती कशाला झोपती? पर तुला हे सांगायची लाज वाटत हुती. तू एवढा शिकलेला गाणारा, आन् मी पोरीला झोपवायचं गाणं घेऊन आलो. त्या दिवशी धीर करून सांगायला लागलो, तर तू म्हणालास, नको. तवा मला कळलं, ह्याला म्हाईत हाय. ह्यानं ऐकूनच वळखलं."

मी खिशातला फोन चाचपला. ते न पाठवलेलं पत्र त्यात तसंच होतं.

"काय लिवलं हुतं हो तुम्ही?" बिल्कीसनं विचारलं. "ते काय मला वाचायला मिळालं न्हाई."

माझ्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "लिहिलं होतं… हे गाणं लावलं की बाळं झोपतात."

बिल्कीसनं पदर डोळ्यांना लावला. शेंगा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. दस्तगीर माझ्याकडे असं बघत होता की मला तिथं बसवेना. सात जन्मांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नसेल. माझ्या गाण्यांसाठी मला हवी होती ती नजर हीच, आणि ती मला माझ्या कुचकेपणासाठी मिळत होती.

"दस्तू, ऐक," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "ते मी तसं नव्हतं लिहिलं. मी ते—"

जोयानं हात हलवला, तोंड वाकडं केलं. दस्तगीर चटकन खाली वाकला, तिच्या पायावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली. "हळू, लेका. आत्ताच डोळा लागलाय."

गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं.

निघताना दारापर्यंत बिल्कीस आली. "तुमचं धुक्याचं गाणंबी आम्ही लावलं हुतं परवा," ती अगदी मनापासून म्हणाली. "लई जोरदार हाय. जोया ताडकन उठूनच बसली."

बोळाच्या तोंडाशी उभं राहून मी ते पत्र पुसून टाकलं. मन साफ झालं म्हणून नाही. चार पोरांची झोप मोडायची ताकद माझ्यात नव्हती, इतकंच.

ते गाणं अजून त्या यादीत आहे. दस्तगीरची नंतर आणखी सहा गाणी आली, दोन चांगलीच चालली. फॉर्म मीच भरतो. आता आधी त्याला विचारतो, गाणं कशाबद्दल आहे, आणि तो सांगेल ते लिहितो. पोटात दुखायचं दर वेळी दुखतं. त्याची सवय झाली आहे.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. जोया आता आठ वर्षांची आहे. शाळेत 'माझ्या घरची एक गोष्ट' असं काही लिहून न्यायचं होतं. ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. "काका, अब्बांनी सांगितलं न्हवतं, तरीबी तुम्हाला कसं कळलं, माझं गाणं झोपायचं हाय म्हणून?"

अण्णा गेल्यापासून माझ्यात काहीतरी सैल झालंय. म्हटलं, या एवढ्याशा पोरीला तरी खरं सांगावं.

"मला काही कळलं नव्हतं," मी म्हणालो. "मी चेष्टा केली होती. तुझ्या अब्बांचं गाणं माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, म्हणून ते यादीत लागू नये असं मला वाटत होतं. अब्बा सांगत होते, ते मी ऐकूनही घेतलं नाही."

जोयानं तोंडातली पेन्सिल काढली. मग तिनं आत हाक मारली, "अब्बा! काका म्हणालेत, त्यांनी चेष्टा केलती! तुमचं गाणं लागू नये म्हणून!"

आतून दस्तगीरचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. हात पुसत तो दारात येऊन उभा राहिला.

"लिवू नगंस गं तसलं," तो म्हणाला. "तुझा काका असाच हाय. कौतुक केलं की कायतर खोटं सांगून मोकळा. सोताचं नाव कशालाच लावून घेत न्हाई."

जोयानं मान हलवली आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

मी माझी अकरा गाणी आठवली. गीत, शीतल मगदूम. संगीत, शीतल मगदूम. गायक, शीतल मगदूम.